एसच्या नंतरची शेंडी

इंग्रजी बोर्ड रंगवायला घेताना पेंटरमामा आधी विचारत, "एकाचं का पुष्कळांचं?" ते मूळचे घोटीचे, शिक्षण जेमतेम सातवी. पण तिथल्या मास्तरांनी शिकवलेला अपॉस्ट्रॉफीचा नियम त्यांनी जन्मभर जपला. तिला ते शेंडी म्हणत. "मालक एक, तर शेंडी एसच्या आधी. मालक पुष्कळ, तर एसच्या नंतर." सातपूरला दोन भावांचं गॅरेज होतं. भाऊ वेगळे होऊन एकट्या थोरल्याकडे गॅरेज राहिलं, तेव्हा मामांनी कुणी न सांगता शिडी लावली आणि शेंडी एसच्या आधी आणली.

नव्वदच्या दशकात मी एका शाळेत इंग्रजी शिकवायला नुकतीच लागले होते. शाळेच्याच मुलींच्या वसतिगृहावर मामांनी 'गर्ल्स हॉस्टेल' रंगवलं, शेंडी एसच्या नंतर. मी सगळ्या मुलींदेखत म्हणाले, "चुकलंय हे. एसच्या आधी हवी."

"मॅडम, आत एकच पोरगी ऱ्हाणार हाय का?"

मुली हसल्या. माझा पारा चढला. "इंग्रजी मी शिकवते की तुम्ही?"

मामांनी चिंधी रॉकेलमध्ये बुडवली आणि शेंडी पुसली.

त्याच आठवड्यात नववीच्या धड्याची तयारी करताना नियम समोर आला. मामा बरोबर होते. मी पुस्तक मिटलं आणि गप्प बसले.

पुढे शाळेच्या रंगकामाचा विषय निघाला तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "तो पेंटर नको. मॅडमनीच त्याची चूक पकडली होती." शाळेचं काम म्हणजे मामांचा अख्खा उन्हाळा, हे मला ठाऊक होतं. तरी मी हजेरीपटात डोकं घालून बसले.

मग फ्लेक्स आले आणि मामांची उरलीसुरली कामंही गेली. बऱ्याच वर्षांनी ते मला सातपूरच्या बसथांब्यावर वॉचमनच्या गणवेशात दिसले. त्यांनीच हसून विचारलं, "बऱ्या हायेत ना मॅडम?"

मला राहवलं नाही. "मामा, हॉस्टेलच्या बोर्डाचं तुमचंच बरोबर होतं. मला त्याच आठवड्यात कळलं होतं."

त्यांचं हसू मावळलं. "कळलं होतं?"

"हो."

"मी तर घरी सांगायचो, मॅडमला कुणी शिकवलंच नसंल, त्यांचा काय दोष."

तेवढ्यात बस आली. "ड्युटी हाय," एवढंच म्हणून ते चढले. माफी मागायची राहूनच गेली.