शेवटची फेरी, म्हणे

मामांना मी अजून माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही. घरचे म्हणतात, तुझ्यासाठी त्यांनी थंडी बघितली नाही. बघितली नाहीच! मफलर गुंडाळून, तोंडात शिट्टी धरून मोटरसायकलवर बसणाऱ्याला कसली थंडी?

पोलीस भरतीसाठी मी तामसीजवळच्या आमच्या गावात शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारायचे. मामा स्वतः कधी सुटलेल्या बसमागेसुद्धा धावले नसतील. पण मोबाइलवर त्यांनी कुठलासा व्हिडिओ पाहिला. थकवा म्हणे पायांत नाही, मेंदूत सुरू होतो. अंगात ताकद शिल्लक असतानाच मेंदू ब्रेक दाबतो. झालं! मामांनी माझ्या मेंदूला फसवायचं ठरवलं.

"लास्ट राउंड!" ते ओरडायचे. मी जीव खाऊन पळायचे. रेषेशी पोचले की म्हणायचे, "अजून एक."

"मामा, तुमी तं लास्ट म्हणाले होते."

"मंग? मेली काय? पळून राह्यली ना अजून? म्हंजे दम होता."

वर हसायचे. रोज हेच. संतापाने माझे डोळे भरून यायचे. मग मीही शहाणी झाले. 'लास्ट' ऐकलं की पुढच्या फेरीपुरतं राखून पळू लागले. पुढे पुढे ते ठरवावंही लागेना.

थकव्याची ती उरलेली गोष्ट मला फार उशिरा वाचायला मिळाली. शेवट किती लांब आहे हे पाहूनच मेंदू ताकद वाटून देतो, आणि शेवटाचा भरवसा असेल तरच राखलेली सोडतो. मामांनी व्हिडिओ अर्ध्यात बंद केला असणार. कुणाचं पुरतं ऐकून घ्यायची त्यांना सवयच नाही.

आदिलाबादला भरतीची धाव झाली. दोनच फेऱ्या, हे मला पक्कं ठाऊक होतं. दुसरी सुरू झाली आणि जाळीबाहेरून तोच आवाज आला, "लास्ट राउंड! लास्ट!"

माझे पाय आवरले. मनातल्या मनात पायांना शिव्या घातल्या, पण ते ऐकेनात. बाकीच्या मुली सुसाट सुटल्या. मी रेष ओलांडली तेव्हा ठरलेली वेळ नुकतीच संपली होती.

बाकीच्या सगळ्याजणी मातीत आडव्या पडल्या होत्या. मी उभी होते, आणि मला धड धापही लागली नव्हती.

मामा जाळीशी आले. "काऊन वं? थकली काय?"

"नाही," मी म्हटलं. "अजून एक मारू काय, मामा?"