मोरीतली बाटली
पेट्रोलचा वास आला की मला कोल्हापुरातल्या घरमालकीण मावशी आठवतात. शाळा अर्धवट सोडून मी यवतमाळहून तिथं गॅरेजात लागलो होतो. हाताचं ग्रीस काढायला पाण्याच्या बाटलीत पेट्रोल भरून मोरीत ठेवायचो. मावशींना त्या बाटलीत दारूच दिसायची. एका सकाळी पेटलेल्या बंबाशेजारीच त्यांनी झाकण काढलं. "पावणं, ही दारू वतलीच बघा मोरीत! आन् खोली आजच सोडायची." मी ओरडलो, "मावशी, पेट्रोल आहे ते!" बंबातल्या जाळाकडं बघत त्यांनी झाकण घट्ट लावलं, बाटली परसात नेऊन ठेवली आणि परत येऊन म्हणाल्या, "दारू असती तर तू एकटा गेला असतास की रं. ह्यानं समदं घर गेलं असतं." खोली राहिली, हात धुवायला डाळीचं पीठ मिळू लागलं, पण ताट वाढण्याआधी त्या माझे हात हुंगायच्याच. आता परमुलखात एकटा राहतो, तरी गॅस पेटवण्याआधी माझे हात मीच हुंगून बघतो.