साडूंचा भाला

आमच्या साडूंनी आयुष्यात एखादी वस्तू सरळ दुकानात जाऊन, पैसे देऊन, गुपचूप घरी आणली असेल यावर माझा विश्वास नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. जन्म शनिवार पेठेतला, फ्लॅट हडपसरला आणि नोकरी खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, तीही टेस्टिंगची. म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामात खोड काढायचा पगार. पेठेतल्या माणसानं हे काम फुकटही केलं असतं, पण काळच असा आला होता की त्यासाठी कंपन्या दारात गाडी पाठवायच्या. बरं, ऑफिस सुटलं तरी साडूंचं टेस्टिंग सुटत नसे. कुकर घ्यायला गेले तेव्हा घरची तूरडाळ भिजवून डब्यातून घेऊन गेले आणि दुकानदाराला म्हणाले, "शिजवून दाखवा." दुकानदारही पेठेतलाच. "हे दुकान आहे, खानावळ नाही," एवढं बोलून त्यानं पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. साडू मात्र खूश. "उत्तर स्पष्ट देतात हो," म्हणाले आणि कुकर तिथूनच घेतला.

अशा माणसानं मासे मारायचा भाला करायला घेतला. स्वतः मासे न खाणाऱ्या माणसानं. आमच्याकडे कोळंबी शिजायला लागली की साडू शेजाऱ्यांची चौकशी करायला बाहेर पडत.

त्याचं असं झालं. आमच्या सासूबाई गेल्या आणि दोघी बहिणींनी अण्णांना, म्हणजे आमच्या सासऱ्यांना, कोकणातल्या घराला कुलूप लावून पुण्याला आणलं. अण्णा साडूंच्या बाल्कनीत खुर्चीवर बसून राहत. जेवता का? हं. झोप लागली का? हं. गावचं घर विकून टाकावं का, असं मुलींनी भीतभीत विचारलं, त्यालाही हं. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे. तेच तर भीतीदायक होतं.

लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो तेव्हा अण्णांनी आम्हा दोघा जावयांना लेप्याच्या गोष्टी सांगून जागवलं होतं. लेपा हा भाकरीसारखा चपटा मासा. दोन्ही डोळे एकाच बाजूला. खाडीच्या उथळ पाण्यात अंगावर वाळू ओढून पडून राहतो. थंडीत, अंधार पडल्यावर ओहोटीला अण्णा दिव्याच्या उजेडात भाला घेऊन त्याला शोधत फिरायचे. ते साडूंच्या डोक्यात राहिलं होतं. एका रविवारी ते मला म्हणाले, "अण्णांना भाला करून देतो. मग बघू कसे गप्प बसतात."

मी म्हटलं, "अहो, पुण्यात भाल्याचं काय करतील?"

"ते नंतरचं. आधी भाला तर हवा."

मग बांबू निवडायला आम्ही बुरूड आळीत गेलो. साडू एकेक बांबू उचलत, तोलत, एका टोकाशी डोळा लावून दुसऱ्या टोकाकडे बघत. बराच वेळ हे पाहून बुरुडीण बाई म्हणाल्या, "शिडी करायचीय का मांडव घालायचाय?"

"मासे मारायचेत."

"पुण्यात?" असं म्हणून बाईंनी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड वळवलं. तो बांबू बसमध्ये चढवताना कंडक्टरनं विचारलं, "याचं हाफ की फुल?"

पहिल्या भाल्याला एकच टोक होतं. साडूंनी बाल्कनीतल्या टबात शेजारच्या बांधकामावरची वाळू पसरली, पाणी ओतलं आणि लेप्याच्या जागी एक थालीपीठ निजवलं. भाला थालीपिठाला भोक पाडून निघून आला. "एका टोकावर मासा गरगर फिरून सुटणार," असा निष्कर्ष निघाला. मग तीन टोकं झाली. तो भाला लिफ्टमधून नेताना वरच्या मजल्यावरच्या आजींनी हात जोडले आणि दुसऱ्या दिवशी त्रिशुळाला हळदकुंकू आणून वाहिलं. टोकांसाठी लावलेल्या सायकलच्या तारा वाकल्या म्हणून स्टीलच्या सळ्या आल्या. टोकांना उलटे काटे काढले, ते इतके मोठे झाले की थालीपिठाचा चुरा झाला. "खायची वस्तू आहे ती!" मेव्हणी ओरडल्या. त्यानंतर थालीपिठाच्या जागी जुन्या स्लिपरचा तळ आला.

अण्णा शेजारी खुर्चीवर. बघतात की नाही, तेही कळेना. एका संध्याकाळी साडूंनी पवित्रा घेतला, भालाफेकीतल्या खेळाडूसारखा हात मागे नेला आणि नेम धरून फेकला. भाला टबाच्या तळातून आरपार गेला. पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर.

"फेकायचा नसतो," अण्णा म्हणाले.

आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो.

"दाबायचा असतो. दाबून वाळूत धरून ठेवायचा, नि खालून हात घालायचा. आणि दिसतो त्याच्या खाली नेम धरायचा, पाणी फसवतं. आणा इकडे." त्यांनी भाला हातात घेऊन टोकांवरून अंगठा फिरवला. "काटे घासून लहान करा. सळ्या आखूड. नि एका ओळीत पाच करा. काम मात्र चांगलं केलंयत, जावईबापू. बांबू हलका आहे." मेव्हणी पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्या तशाच आत वळल्या.

थंडीत आम्ही तिघं गावी गेलो. घर उघडलं, झाडलं. अंधार पडल्यावर ओहोटीला खाडीवर उतरलो, तर अण्णा गुडघाभर पाण्यात नुसते उभे. साडू पुन्हा पुन्हा विचारू लागले, "काय झालं? टोकं बोथट वाटतायत का? दांडा लांब झाला का?"

"भाला उत्तम आहे," अण्णा म्हणाले. मग डावीकडच्या पाण्याकडे बघत, "दिवा ती धरायची."

साडूंनी भाल्याचा सगळा विचार केला होता. टोकं, काटे, पोलाद, दांडा. सासूबाईंच्या हातातल्या दिव्याचं त्यांना सुचलंच नव्हतं. मलाही नव्हतं. त्यांनी माझ्या हातातला दिवा घेतला आणि अण्णांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

"कुठल्या बाजूला धरू?"

"डावीकडे. खाली. अजून खाली हो, मासे आभाळात नसतात."

त्या रात्री दोन लेपे मिळाले. घर विकायचं पुन्हा कुणी काढलं नाही. अण्णा तिथेच राहिले, एकटे पण बोलते. थंडी पडली की साडू ऑफिसात रजा टाकत. कारण विचारलं तर "घरगुती काम" म्हणून सांगत. मासे मात्र त्यांनी शेवटपर्यंत खाल्ले नाहीत. अण्णांनी लेपे तव्यावर टाकले की ते अंगणात जाऊन बसायचे, आणि आतून अण्णांचा आवाज यायचा, साडूंना, मोठमोठ्यानं, काहीबाही सांगत.