जिन्यातली चप्पल

जिन्यात एकटी चप्पल दिसली की मी आजही थबकते. ताईचा आजार चपलेपासूनच सुरू झाला होता. ती पुढे निघून जायची आणि चप्पल मागे राहायची. आम्ही तिला वेंधळी म्हणून हसायचो. मग मेंदूच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "चप्पल निसटलेली कळते का हो तुम्हाला?" ताईने नकारार्थी मान हलवली.

मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडतात.

"पण का?" मी विचारलं.

"तेच शोधतोय. औषधांनी आजाराचा वेग कमी होतो, पण मूळ कारण अजून नीट हाती लागलेलं नाही."

संशोधनासाठी त्यांनी ताईचं रक्त घेतलं, आणि सख्खी बहीण म्हणून माझंही. काही वर्षांनी ताई गेली. त्या दोन नळ्या मात्र कुठल्याशा फ्रीजमध्ये अजून शेजारी शेजारी असतील.

आज भाजीच्या पिशव्या घेऊन वर आले, मागे वळले, तर खालच्या पायरीवर एक चप्पल.

"कुणाची गं राहिली ही?" मी हाक मारली.

लेक दारात येऊन हसली. "आई, तुझीच की! वेंधळी कुठली."

उघड्या तळव्याला फरशी गार लागतेय की नाही, हे मी कितीतरी वेळ तिथेच उभी राहून ठरवत होते.