मीराच्या घशातली जळू

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. कादंबरीत भेटली तर मात्र मला ती फार आवडतात… म्हणजे आवडायची.

मी मूळची नागपूरची, लग्न होऊन झाशीला आले. प्रेम नगरमध्ये नवरा, मी आणि धाकटी नणंद मीरा राहतो. सासरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. मीराला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीच.

गेल्या हिवाळ्यात मैत्रिणीने एक कादंबरी पाठवली. त्यात जुनी झाशी, दरवाजांवर मंत्र जाणणारे पहारेकरी, आणि ओरछा गेटजवळच्या विहिरीत राहणारी जळवांची बाई. ती ज्याला धरते, त्याच्या घशात जळू वाढते. किळसवाणं, पण काय रंगवलंय! भाजी परततानाही पुस्तक हातात असायचं. रविवारी दुपारी त्या बाईचं वर्णन मी मीराला मोठ्याने वाचून दाखवलं, तिच्या नावासकट. मीरा हसत आंघोळीला गेली. मी पुढे मनातल्या मनात वाचू लागले. बाईने धरलेला पहिला माणूस म्हणतो, "माझ्या तोंडात विहीर आलीय."

तेवढ्यात मीरा बाथरूममधून बाहेर आली. ओठावर रक्ताची तार.

"वहिनी, देखो ना… मुँह में कुआँ आ गया है."

हे वाक्य तिने ऐकलंच नव्हतं!

मोबाईलचा टॉर्च लावून पाहिलं. कुजक्या शेवाळाचा भपकारा आला. जिभेच्या मागे काळं, गुबगुबीत काहीतरी — फुगत होतं, आखडत होतं. मला तिथेच ओकारी आली. नवरा गावाला गेलेला. दवाखान्यात न्यावं तर मीराचा श्वास अडकायला लागला. ती जळू ओढणीने धरून पाहिली, तर सुटून आणखी आत सरकली.

मग मी काय केलं? सांगायलाही लाज वाटते… कादंबरीचं पान उलटलं. तिथे लिहिलं होतं — ज्याने नाव उच्चारलं, त्यानेच उघड्या हाताने उपटावी.

"मीरा, तोंड उघड. चावलीस तरी चालेल."

दोन बोटं घशात घातली. जळू कोमट होती, बुळबुळीत. ओढली तशी चप्प असा आवाज करून सुटली आणि माझ्याच बोटाला वेटोळं घालून बसली. मीरा माझ्या मांडीवर भडभडून ओकली. मी बेसिनमध्ये हात झटकत, किंचाळत मीठ ओतत राहिले.

नंतर डॉक्टर म्हणाले, "नदी-तालाब का पानी पिया होगा. होता है ऐसा."

पण मीरा कित्येक महिने नदीकडे फिरकलेली नाही, घरात फिल्टरचं पाणी. आणि ते वाक्य? आपण असं काही बोललो, हेच तिला आठवत नाही. योगायोग म्हणा. मीही तसंच म्हणून पाहिलं, पटत नाही.

मीरा ठणठणीत आहे. माझ्या त्या दोन बोटांना मात्र शेवाळाचा वास येतो. नवरा हुंगून म्हणतो, "कुछ नहीं है, साबणाचा वास आहे."

असेल. पण वरणभात मी अजून चमच्याने खाते.