डाव्या हाताची पेटी

माझी सून समीक्षा वर्णनं लिहायचा पगार घेते. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खो खो हसले होते. अहो, मी पनवेलच्या शाळेत जन्मभर चौथीच्या पोरांकडून ‘माझी गाय’ लिहून घेतलं. गायीला चार पाय असतात, दोन शिंगं असतात. आणि ही कळंबोलीच्या कंपनीत एसीत बसून काय करते, तर यंत्राला सांगते की बाबा रे, तुझ्या अंगाला काय काय जोडलंय!

एकदा भाजी निवडता निवडता तिनं मला नीट समजावलं. कंटेनरच्या ट्रकमध्ये जे यंत्र बसवतात त्यात एक मुख्य बोर्ड असतो. त्याच्यावर कनेक्टर, म्हणजे पिनांच्या रांगा. त्यांत लागतील तसे छोटे बोर्ड खोचायचे, एखादा तापमानाचा, एखादा दाराचा. पण नुसता खोचला म्हणून मुख्य बोर्डाला काही कळत नाही. नवी नवरी उंबरठा ओलांडून आत आली तरी दीर कोण, नणंद कोण, हे कुणीतरी सांगावंच लागतं, तसंच ते. कनेक्टरची कुठली पिन कुठे जाते ते एकीकडे लिहायचं, छोट्या बोर्डाला काय काय लागतं ते दुसरीकडे, आणि मग दोघांची गाठ घालून द्यायची.

“आई, पोरानं गायीला पाच पाय लिहिले तर तुम्ही लाल रेघ मारायचात,” ती म्हणाली. “हे यंत्र मुकाट पाच पायांवर चालायला लागतं.”

अशी बोलते ती. माहेर उरणच्या कोळीवाड्यातलं, आवाज खणखणीत, राग नाकाच्या शेंड्यावर. दुसऱ्याच्या कामात खोट दिसली तर सांगितल्याशिवाय राहायची नाही, आणि स्वतःच्या कामात दिसली तर दिवसभर जेवायची नाही. लग्न होऊन आली तेव्हा मी मनात म्हटलं, चंद्रावतीबाई, आता तुमची काही खैर नाही. पण आमचं जमलं. दोघीही तोंडाळ, त्यामुळे पोटात काही उरतच नाही.

आता माझ्या भावाचं सांगते. दादू माझ्याहून मोठा, जासईला राहतो. हळदीला बेंजो पार्टी वाजवायला येते ना, तसल्या पार्टीत तो कॅसिओ वाजवायचा. दादूची पार्टी आहे म्हटलं की आजूबाजूच्या गावांतून माणसं नाचायला यायची. गेल्या वर्षी त्याला झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. बाकी देवाच्या दयेनं सगळं ठीक. डाव्या हातानं वाजवून बघितलं त्यानं एकदा. “बोटांना घर सापडत नाय,” म्हणाला आणि कॅसिओ कापडात गुंडाळून माळ्यावर टाकायला लावला.

अशात त्याच्या नातीची, कीर्तीची हळद ठरली. सगळं घर कामाला लागलं आणि हा म्हणतो, “मी मांडवात येनार नाय.”

“अरे, नातीची हळद! लोक तोंडात शेण घालतील.”

“घालू दे. बाकीचे वाजवतील न मी खुर्चीत बसून बगू? मना नाय जमाचा.”

मी ओरडले, विनवण्या केल्या. कीर्ती तर रडली. त्यानं भिंतीकडे तोंड केलं. मी पनवेलला परत आले आणि भांड्यांवर राग काढत बसले. आजा मांडवात नाही म्हटल्यावर कसली हळद नि कसलं काय!

समीक्षानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “मामांना हलक्या पट्ट्या लागतील ना? मांडीवर मावेल एवढं?”

झालं. तिनं दादूसाठी वाजवायची छोटी पेटी करायला घेतली आणि आमच्या जेवणाच्या टेबलाचा कारखाना झाला. तिच्याकडे पडून असलेला मुख्य बोर्ड, त्याला जोडायला तिनं स्वतः केलेला पट्ट्यांचा बोर्ड, रुंद पट्ट्या, नुसतं बोट टेकलं की वाजणाऱ्या. आम्ही ताटं हातात घेऊन सोफ्यावर जेवायचो. शेवटी तिनं एकेक पट्टी दाबून बघितली, सगळ्या वाजल्या, आणि ती खूश झाली. आता माझ्या सुनेत सगळे गुण असले तरी सुराचं अंग नाही. सा काय नि नी काय, तिला दोन्ही सारखेच. आरतीत ती वेगळ्याच गावाला जाते.

हळदीच्या दिवशी दुपारी आम्ही जासईला पोचलो. दादू मागच्या खोलीत, रोजच्याच कपड्यांत. समीक्षानं पेटी त्याच्या मांडीवर ठेवली.

“मामा, नाही आवडली तर फेकून द्या. पण एकदा हात लावा.”

तो काही हात लावीना, म्हणून मीच डावीकडून एकेक पट्टी दाबत गेले. शाळेत प्रार्थनेला पेटी वाजवलेली आहे मी. माझा हात थबकलाच. सूर चढायच्या ऐवजी उतरत होते!

“अगं बाई, ही उलटी आहे! सा उजव्या टोकाला गेलाय.”

समीक्षाचा चेहरा पडला. मग तिनं कपाळावर हात मारला. “बोर्ड पालथा पडला होता, आई. मी तशाच पिना मोजल्या आणि तशाच लिहिल्या. रांगच उलटी लिहिली मी! थांबा मामा, दोन मिनिटांत सरळ करते.” तिनं लॅपटॉप उघडला नि पेटीकडे हात केला.

दादूनं पेटी सोडली नाही. डावा हात पट्ट्यांवर नेला. अंगठा उजवीकडच्या ‘सा’वर टेकला, करंगळी डावीकडे पसरली. आणि हळदीचं गाणं वाजलं. पहिली ओळ अडखळत, दुसरी सरळ.

मला आधी कळेचना. मग लक्षात आलं. उजव्या हाताचा अंगठा असतो डावीकडे, डाव्याचा उजवीकडे. पेटी उलटी झाली आणि सा आपसूक डाव्या अंगठ्याखाली आला. उजव्या हातानं जन्मभर शिकलेलं डाव्याला जसंच्या तसं सापडलं होतं. माझ्या डोळ्यांना धार लागली, मी पुसलीही नाही.

“पण मामा, हे चुकलंय,” समीक्षा कशीबशी म्हणाली.

“कुठं चुकलंय? मना तं बरोबर हाय. हात लावू नको, पोरी.”

ती हसता हसता रडली. तरी लॅपटॉपवर काहीतरी बडवायला बसलीच. म्हटलं, आता काय? तर म्हणाली, “चूक म्हणून नाही राहू देणार. हा बोर्ड डाव्या हाताचा आहे आणि याचा सा उजवीकडेच असतो, असं स्पष्ट लिहिते.”

संध्याकाळी दादू नवा सदरा घालून मांडवात बेंजो पार्टीत बसला. पार्टीतला कॅसिओवाला हृतिक कौतुकानं पेटी वाजवायला गेला, तर त्याला एक ओळ सरळ काढता येईना. दादू इतका हसला की पोट धरावं लागलं. “तुजा काम नाय त्ये,” म्हणाला आणि पेटी ओढून घेतली.

मग हळदीनं पिवळी झालेली कीर्ती पाया पडायला वाकली. वाजवायचं न थांबवता तो म्हणाला, “पाया मंग पर. आदी नाच. तुजा आजा वाजवतोय.”

कीर्ती नाचली. मीही नाचले, गुडघ्यांना विचारलंसुद्धा नाही.