अंगणाखालची तार

कापसाच्या जिनिंगच्या मालकानं आमच्या गल्लीतून तार नेली ती स्वतःच्या बंगल्यात दिवे लावायला. आमच्या घरात कंदीलच. हिंगोलीत तेव्हा निजामाचं राज्य, आणि वीज म्हणजे जिनाच्या इंजिनावर चालणारी, त्या एकट्याची. लाकडी खांबांवरून तार थेट आमच्या दारापुढून जायची.

एक दिवस कडब्यानं उंच भरलेली गाडी आली. वरची पेंढी तारेत अडकली, तार तुटली आणि एक बैल उभ्या जागी कोसळला. गल्लीनं आरडाओरडा केला तेव्हा कुठं मालकाला जाग आली. म्हणे, तार जमिनीत पुरतो, कुणाला तकलीफ न्हाई. झालं, सगळे खूश. माझी माय तेवढी गप्प होती.

कारण अंगणात, उंबऱ्यापासून तीन पावलांवर, माझा भाऊ होता. बारशाच्या आधीच गेला. नाव न ठेवलेलं लेकरू आमच्याकडं जाळत नसत. मीठ घालून दारापुढं पुरायचे, मायच्या येण्याजाण्याच्या वाटेवर. म्हणजे ते तिच्याच पोटी परत येतं. माय तेव्हा एक टिपूस रडली नव्हती. "परत यायचंय त्याला, रडू काहून?" म्हणायची. सहा वर्षं झाली, आलं न्हाई.

चर खणत मालकाचा मिस्त्री दारापर्यंत आला तशी माय आडवी उभी राहिली. त्यानं काही विचारलं न्हाई. चर हातभर बाजूला वळवला, तार टाकली, माती लोटली. भला माणूस होता.

दिवाळीनंतर नवा कापूस आला, बंद असलेलं जिन परत सुरू झालं. सकाळी भोंगा वाजला, माय सडा टाकत होती, ती एकदम थांबली.

"इकडं ये गं. इथं पाय ठेव."

मी ठेवला. ओल्या मातीतून तळपायाला मुंग्या आल्या, पोटरीपर्यंत चढल्या. मी किंचाळून मागं पळाले. माय हसत होती. इतक्या वर्षांत ती तशी हसली नव्हती, आणि खरं सांगते, मला तिचीच भीती वाटली.

"जागं झालं," ती म्हणाली.

मग रोजचंच झालं. भोंगा वाजला की सडा, सडा झाला की माय त्या जागी अनवाणी उभी. आमचं कुत्रं तिथून वळसा घालून जायचं. म्हैस तर तिथवर आली की पाय रोवायची, दावं तुटेस्तोवर ओढा, पुढं येणार न्हाई. आणि ही बया पाणी वाढवत चाललेली! आधी तांब्याभर, मग घागरभर. ओलं जास्त तेवढं ते जास्त लागायचं. ओठांत अंगाई पुटपुटायची, भर उन्हात.

"अगं, करंट हाय तो!" वडील ओरडले. "त्या बैलावानी मरशील!"

"मरते तर मरते. तुमच्या पायाला लागतं का काई? मला लागून राहिलंय."

वडिलांनी कपाळावर हात मारला आणि मिस्त्रीला घेऊन आले.

ह्या वेळी माय आडवी आली न्हाई. वडिलांनी तिचा दंड धरून ठेवला होता. इंजिन थांबवून आलेल्या मिस्त्रीनं हातानंच माती काढली. तारेवरचं शिशाचं वेष्टण खाल्लं गेलेलं, भोवती पांढरी खपली. त्यानं ती बोटावर घेतली आणि जिभेला लावली.

"अम्मा, इधर नमक कौन डाला? तार को खा गया!"

"म्या," माय म्हणाली. "लेकरासाठी."

मिस्त्रीनं सगळ्या अंगणातली तार उपसून पार पलीकडच्या भिंतीकडून नेली, आणि ती जागा हातानं बराबर करून दिली.

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला. मायनं घागरभर पाणी ओतलं, पाय ठेवला. उचलला, परत ठेवला. कुत्रं मजेत तिथून चालत गेलं. तिनं माझ्याकडं बघितलं.

"गेलं गं," म्हणाली, आणि त्या चिखलात बसून ती सहा वर्षांचं रडली.